मोकळ्या आवारातली दिवाळी पहाट: आवाज, सूर आणि वेळ कशी जुळवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गृहसंकुलाच्या मोकळ्या आवारात नरक चतुर्दशीला साधारण तीनशे श्रोत्यांसाठी दिवाळी पहाट करायची आहे. दोन गायक आणि वादक बाहेरचे, बाकीचे गाणारे संकुलातलेच. गेल्या वर्षी साडेपाचला सुरुवात केली, माईक शिट्ट्या मारत राहिले, तबला आणि पेटी शेवटपर्यंत जुळले नाहीत, आणि मागच्या इमारतीतून पोलिसांत तक्रार गेली. यंदा काय बदलावं?

या चारही तक्रारींचं मूळ एकच दिसतं. संध्याकाळच्या ऑर्केस्ट्राचं नियोजन उचलून तसंच पहाटेवर बसवलं गेलंय. पहाटे हवेचं वागणं निराळं, तबल्याच्या चामड्याचं निराळं, गळ्याचं निराळं, आणि घड्याळात सहा वाजेपर्यंत कायदासुद्धा निराळा. म्हणून सगळ्यात आधी वेळ पक्की करा, मग आवाज, मग सूर. कलाकार कोण बोलवायचे हा विषय समित्यांमध्ये पहिल्या बैठकीपासून रंगतो, पण तो खरं तर चौथ्या क्रमांकाचा आहे.

सहाच्या आधी काय चालतं

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ. या काळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यात वाद्यंसुद्धा आली. म्हणजे 'आम्ही माईक न लावता नुसती पेटी-तबला घेऊन बसतो' हीसुद्धा पळवाट नाही. बंद सभागृहाला सूट आहे, त्यामुळे नाट्यगृहातली दिवाळी पहाट साडेपाचला सुरू होऊ शकते, तुमची नाही. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस जी सवलत देतं, ती रात्री १० ते १२ या दोन तासांपुरती असते. पहाटेला तिचा काही उपयोग नाही. हे बऱ्याच समित्यांना ठाऊक नसतं आणि 'दिवाळीत परवानगी असतेच' असं गृहीत धरलं जातं.

तेव्हा पहिला सूर ठीक सहाला. यात नुकसान काहीच नाही. ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबई-पुण्याकडे सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो, म्हणजे अंधारातली पहिली पंचवीस-तीस मिनिटं तुम्हाला मिळतातच. शिवाय त्या दिवशी लोक अभ्यंगस्नान आणि देवाचं आटपून येतात. साडेपाचला खुर्च्या रिकाम्या असतात आणि सव्वासहाला भरतात, हे कुठल्याही आवारात बघायला मिळेल. दीपप्रज्वलन पाच पन्नासला माईकशिवाय उरका. समईला काचेचं संरक्षण ठेवा किंवा तिला मंचाच्या आतल्या कोपऱ्यात न्या, नाहीतर पहाटेच्या वाऱ्यात पाहुणे काड्याच ओढत बसतात.

ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी स्थानिक पोलीस ठाण्यातून घ्यावी लागते. दिवाळीच्या आठवड्यात अर्जांची गर्दी असते, म्हणून दोन-तीन आठवडे आधी अर्ज द्या आणि पोच जवळ ठेवा. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून शंभर मीटरच्या आत असाल तर शांतता क्षेत्र लागू होतं का, हे अर्ज करण्याआधीच तपासा. तिथे मर्यादा आणखी कडक असतात. चित्रपटगीतं, भावगीतं यांच्या जाहीर सादरीकरणासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना लागतो. हौशी मंडळींनी शुल्क न घेता जमलेल्या श्रोत्यांपुढे गायलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. पण तुमच्याकडे मानधन घेणारे कलाकार आहेत, तेव्हा त्या सुटीवर विसंबू नका.

साउंड चेक आदल्या संध्याकाळीच

सहाच्या आधी स्पीकर वाजवता येत नाही, याचा दुसरा अर्थ असा की सकाळी साउंड चेक होऊच शकत नाही. गेल्या वर्षीच्या शिट्ट्यांचं कारण बहुधा हेच. पहिली तीन गाणी हाच साउंड चेक झाला असणार.

आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत मंच आणि यंत्रणा उभी राहिली पाहिजे, आणि सहा ते साडेआठ पूर्ण तपासणी. मुख्य कलाकार त्या संध्याकाळी दुसरीकडे कार्यक्रमात असतील तर निदान तबलजी आणि पेटीवाले यावेत. गायकांच्या जागी संकुलातला कुणीही मोकळ्या गळ्याचा माणूस बसवा. डिजिटल मिक्सर मागा, कारण त्यात सगळी मांडणी सीन म्हणून साठवता येते. ॲनालॉग असेल तर प्रत्येक चॅनलच्या, म्हणजे एकेका माईकच्या वाटेच्या, गेनचा (आवाज आत किती घ्यायचा) आणि इक्वलायझरचा (खर्ज-तार कमीजास्त करायचा) मोबाइलवर फोटो काढा. माईक स्टँडच्या तिन्ही पायांच्या जागा टेपने मंचावर आखा. मॉनिटरच्या, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेल्या मंचावरच्या स्पीकरच्या, कडाही आखा. सकाळी सतरंजी झटकणारा माणूस सगळं हलवतो, आणि मॉनिटर अर्धा फूट सरकला तरी शिट्टी परत येते.

रात्री माईक आणि मिक्सर आत घ्या, स्पीकरवर प्लास्टिक टाका. रात्री दव पडतं, म्हणून केबलचे जोड खुर्चीच्या पायाला बांधून जमिनीपासून वर ठेवा. ओल्या गवतात पडलेला जोड सकाळी हमखास खरखरतो.

सकाळी पावणेपाचला ध्वनिवाले, पाचला वादक. सव्वापाचपासून लाइन चेक, म्हणजे प्रत्येक तार चालू आहे का याची खात्री, तीही हेडफोनवर. मुख्य स्पीकर बंद ठेवून प्रत्येक चॅनलचा सिग्नल पीएफएल (फक्त तो चॅनल हेडफोनवर ऐकवणारं बटण) दाबून ऐकायचा. पंधरा चॅनलना दहा मिनिटं पुरतात. पाच पंचावन्नला मुख्य फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) पूर्ण खाली, आणि सहाला तानपुऱ्यावर हळूहळू वर.

पहाटेची हवा आणि शेजारची इमारत

तक्रार का गेली याचं उत्तर इथे आहे. दिवसा जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड असते, त्यामुळे ध्वनी वर वाकून निघून जातो. पहाटे उलट होतं. जमिनीलगत थंड हवेचा थर बसलेला असतो, वरचा थर तुलनेने उबदार, आणि ध्वनी थंड हवेकडे वाकत असल्यामुळे तो खालीच राहून लांबवर जातो. त्यात रस्ता शांत असतो, पंखे कमी, खिडक्या उघड्या. संध्याकाळी जो आवाज फाटकाबाहेर जाणवतही नाही, तोच पहाटे दोन इमारती ओलांडून झोपायच्या खोलीत पोचतो. ऊन चढलं की साधारण साडेसात-आठच्या सुमारास हे थर मोडतात. मग मागच्या रांगा म्हणू लागतात की आवाज कमी झाला. तेव्हा दोन-तीन डेसिबल वाढवायला हरकत नसते, पण सहाला नाही.

निवासी भागाचं दिवसाचं मानक ५५ डेसिबल आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर मानकापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल ते चालतं, म्हणजे निवासी भागात ६५. खाजगी जागेच्या हद्दीवर सूट फक्त ५ डेसिबलची, म्हणजे ६०. संकुलाचं आवार खाजगी धरलं जाईल असं समजूनच आखणी करा. साठ म्हणजे दोन माणसांच्या साध्या बोलण्याइतका आवाज. त्यात मैफल कशी बसवायची?

मोठे स्पीकर मंचाजवळ ठेवून जोरात वाजवले तर बसत नाही. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. पहिली रांग स्पीकरपासून ४ मीटरवर आणि शेवटची १६ मीटरवर असेल तर दोन्हींत १२ डेसिबलचा फरक. शेवटच्या रांगेला ७२ मिळावेत म्हणून पहिल्या रांगेला ८४ द्यावे लागतात. पुढचे आजोबा कानात कापूस घालून बसतात आणि उरलेला आवाज भिंतीपलीकडे जातो.

त्याऐवजी पुढे १२ इंची दोन टॉप (मुख्य स्पीकर), स्टँडवर साडेसात-आठ फुटांवर, तोंड खाली झुकवून मधल्या रांगांकडे. मागच्या रांगांकडे नाही, मधल्याकडेच. मग मंचापासून १० मीटरवर दोन्ही कडांना ८ किंवा १० इंची दोन छोटे स्पीकर, त्यांचं तोंडही खालीच. या मागच्या जोडीला डिले द्यावाच लागतो, म्हणजे तिचा आवाज किंचित उशिरा सोडावा लागतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटरला २९ मिलिसेकंद. त्यात आणखी १०-१५ मिळवून ४० ते ४४ ठेवा. मग मागे बसलेल्याला आवाज मंचावरूनच येतोय असं वाटतं आणि शब्द दुहेरी ऐकू येत नाहीत. या मांडणीत पहिल्या रांगेला ७६-७७ आणि शेवटच्या रांगेला ७१-७२ अशी बऱ्यापैकी समान वाटणी होते. हद्दीवरचा आवाज त्यामुळे दोन-तीन डेसिबलने उतरतो आणि स्पीकर झुकवल्याने आणखी थोडा. मोबाइलमधलं मोजमाप ॲप काटेकोर नसतं, पण आदल्या संध्याकाळी हद्दीवर फिरून तुलना करायला पुरतं.

सबवूफर नको. ध्वनिवाले 'पॅकेजमध्येच आहे' म्हणतील, तरी नको. खर्जाचा आवाज दिशा पाळत नाही, तो भिंती-काचांतून आरपार जातो, आणि तक्रारी बहुतेक त्याच्याच येतात. डग्ग्याची घुमार १२ इंची टॉपमधून व्यवस्थित मिळते.

मंच कुठे बांधायचा हेही याच हिशोबात येतं. स्पीकरच्या समोर शेवटच्या रांगेच्या मागे सपाट उंच भिंत असेल तर आवाज आपटून परत येतो. भिंत १७ मीटर किंवा त्याहून लांब असली की परतीच्या प्रवासाला शंभर मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक तिहाई दोनदा ऐकू येते. समोर झाडं किंवा बाग असलेली दिशा निवडा, आणि तक्रार करणारी इमारत मंचाच्या पाठीमागे येईल असं बघा. शक्य असेल तर मंच उत्तर-दक्षिण रेषेत. पूर्व-पश्चिम ठेवला तर सातनंतर एकतर कलाकारांच्या डोळ्यांवर ऊन येतं नाहीतर श्रोत्यांच्या.

मंच, माईक, मॉनिटर

बैठकीसाठी १६ बाय २० फुटांचा मंच, उंची दोन-अडीच फूट. त्याहून उंच नको, बसलेले कलाकार पुढच्या खुर्च्यांना दिसतात तेवढं पुरे. प्लायवूडचा मंच आतून पोकळ असतो आणि डग्ग्याबरोबर स्वतःही घुमतो. गाद्या पूर्ण मंचभर घाला, फक्त कलाकारांच्या खाली नाही, आणि माईक स्टँडच्या पायाखाली घडी घातलेलं पोतं ठेवा. वर छत हवंच. दवासाठी तर हवंच, पण ऑक्टोबरच्या शेवटी परतीच्या पावसाची सरही येऊन जाते.

गायकाच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी ही रूढ मांडणी मोडू नका. तबलजीला गायकाचा चेहरा दिसला पाहिजे. कीबोर्ड आणि साइड ऱ्हिदम मागच्या ओळीत, बासरी पेटीच्या बाजूला.

चॅनल मोजू: गायक तीन, तबला दोन, पेटी एक, कीबोर्ड एक, बासरी एक, पखवाज किंवा ढोलकी दोन, टाळ-साइड ऱ्हिदम एक, कोरस दोन, निवेदक एक, इलेक्ट्रॉनिक तानपुरा एक. पंधरा झाले. सोळा चॅनलच्या मिक्सरमध्ये एक मोकळा राहतो, तो कुणालाही देऊ नका. ऐनवेळी एक चॅनल मरतोच.

गायकांसाठी शुअर एसएम ५८ सारखा डायनॅमिक माईक बूम स्टँडवर, तोंडापासून चार बोटांवर. हौशी गायकांना आधीच्या तालमीत तीन गोष्टी सांगा. माईक हातात घ्यायचा असेल तर जाळीखाली धरायचा, कारण जाळीभोवती मूठ आवळली की माईक सगळ्या दिशांचं ऐकू लागतो आणि शिट्टी वाजते. तार सप्तकात जाताना वीतभर मागे व्हायचं. आणि मान वळवून वादकांकडे बघत गायचं नाही. चौथी गोष्ट निवेदकासाठी: माईक चालू आहे का हे बोटाने ठोकून बघू नका.

तबल्याला एसएम ५७ सारखे दोन, एक दायाँवर (उजव्या हाताच्या तबल्यावर) शाई आणि किनार यांच्यामध्ये रोखलेला, चार-पाच इंच वर. डग्ग्याचा माईक हाताच्या हालचालीच्या वाटेत येऊ नये. पेटीचा माईक भात्याच्या समोर ठेवला तर सूर कमी आणि धाप जास्त ऐकू येते. तो वरून तिरका, वीतभर अंतरावर हवा. गायकांच्या चॅनलला १०० हर्ट्झच्या खालचं कापा, पखवाज आणि डग्ग्याला कापू नका. मुलांच्या समूहगानासाठी वर टांगलेले संवेदनशील कंडेन्सर माईक लावायचा मोह होतो, पण उघड्यावर ते फटाके, कावळे आणि मॉनिटर सगळंच उचलतात. मुलांचे दोन घट्ट घोळके करा आणि प्रत्येकापुढे एक डायनॅमिक माईक.

शिट्टीचं मुख्य ठिकाण म्हणजे मॉनिटर. एसएम ५८ कार्डिऑइड आहे, त्याला बरोब्बर पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर थेट माईकच्या पाठीमागे. सुपरकार्डिऑइड माईक आले, उदाहरणार्थ बीटा ५८, तर त्यांचा बहिरा कोन मागे दोन्ही बाजूंना तिरका असतो. तिथे मॉनिटर साधारण १२० अंशांवर सरकवावा लागतो. ध्वनिवाल्याने माईक बदलले आणि मॉनिटर तिथेच ठेवले, की आदल्या वर्षी नीट चाललेली मांडणी यंदा किंचाळते.

आदल्या संध्याकाळी मॉनिटर हळूहळू वाढवत न्या, पहिली शिट्टी जिथे येते ती पट्टी ३१ बँडच्या इक्वलायझरवर तीन-चार डेसिबल खाली ओढा, पुन्हा वाढवा. चार-पाच पट्ट्यांनंतर थांबा. दहा पट्ट्या कापल्या तर गळा पत्र्याच्या डब्यात गेल्यासारखा वाटतो. आणि मंचावरून 'मॉनिटर वाढवा' अशी खूण आली की आधी त्या मॉनिटरमधून बाकीचं काही कमी करता येतं का ते बघायचं. तबलजीला स्वतःचा तबला नको असतो, गायक हवा असतो. पेटीवाल्याला स्वतःचं आणि गायकाचं पुरतं. सगळ्यांना सगळं दिलं की मंचावरचाच आवाज श्रोत्यांपर्यंत जातो आणि मिक्सरवरच्या माणसाच्या हातात काही उरत नाही.

पट्टीचा तक्ता: तबला-पेटी न जुळण्याचं खरं कारण

कार्यक्रमपत्रिका सगळे करतात, पट्टीचा तक्ता फार थोडे करतात. प्रत्येक गाण्यासाठी गायक, पट्टी (गायकाचा सा पेटीच्या कुठल्या स्वरावर), ताल, अंदाजे लय, मिनिटं आणि लागणारी वाद्यं, एवढं एका कागदावर लिहून दहा दिवस आधी तबलजी आणि पेटीवाल्यांना पाठवा. पुरुष गायक काळी १ किंवा पांढरी २ च्या आसपास, स्त्रिया काळी ४ किंवा काळी ५ च्या आसपास हे नेहमीचं, पण हौशी मंडळींत पट्ट्या कुठेही असतात. तबलजींना त्यावरून किती दायाँ आणायचे ते ठरवता येतं. काळी १ च्या तबल्यावर काळी ४ च्या गायिकेचं गाणं मध्यमात मिळवून वाजवता येतं, कारण काळी ४ चा मध्यम म्हणजेच काळी १. पण काळी ५ ला हा हिशोब बसत नाही, तिथे दुसरा दायाँ लागतो.

गाण्यांचा क्रम लावताना एका पट्टीची गाणी शक्य तितकी एकत्र आणा. दर गाण्याला दायाँ बदलायचा, तो मिळवायचा, तोवर निवेदकाने किस्से सांगायचे, असं केलं तर अडीच तासांत वीस-पंचवीस मिनिटं नुसत्या ठोकाठोकीत जातात.

आता हवेचा भाग. दमट थंडीत तबल्याचं चामडं सैलावतं आणि सूर उतरतो. ऊन आलं, चामडं सुकलं की तोच तबला चढतो. तानपुरा, सतार यांच्या तारा मात्र उबेने सैलावून उतरतात. बासरी थंड असताना उतरलेली असते आणि फुंकून फुंकून ऊबदार झाली की चढते. पेटीच्या पट्ट्या मात्र जागच्या जागी राहतात. म्हणजे सहाला सगळं पेटीशी मिळवलं तरी सातला एकजण वर, एकजण खाली गेलेला असतो. यावर उपाय: वादक पाचला येऊन वाद्यं मंचावरच, कापड झाकून ठेवतील. गाडीतून किंवा खोलीतून थेट आणून लगेच मिळवलेला तबला पहिल्याच गाण्यात घसरतो. तबल्यावर तापणारा हॅलोजन पडू देऊ नका, एलईडी वापरा. आणि सातच्या सुमारास पत्रिकेतच तीन मिनिटांचं निवेदन ठेवा, जे मुळात वाद्यं पुन्हा मिळवण्यासाठी आहे. निवेदकाला हे सांगून ठेवा, म्हणजे तबलजीने मान हलवेपर्यंत तो बोलत राहील.

कीबोर्ड बहुधा ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असतो आणि जुन्या पेट्या बऱ्याचदा त्याच्या थोड्या वरखाली. पेटी बदलता येत नाही, तेव्हा कीबोर्डची मास्टर ट्यूनिंग पेटीकडे सरकवायची. पेटी आणि कीबोर्ड एकत्र वाजताना जे लाटांसारखं थरथरणं ऐकू येतं, ते यामुळे. आदल्या संध्याकाळी दोन मिनिटांचं काम आहे.

गळ्याचं म्हणाल तर पहाटे सहाला बहुतेकांचा आवाज नेहमीपेक्षा खाली असतो आणि तार सप्तक उघडलेलं नसतं. हौशी गायकांची एक तरी तालीम सकाळी सहालाच घ्या. संध्याकाळी सातला काळी २ मध्ये सहज जाणारं गाणं सकाळी अर्धा सूर उतरवावं लागेल, आणि ते तक्ता पाठवण्याआधीच कळलेलं बरं. रियाज न केलेल्यांना पहिल्या तासात उभं करू नका. गायकांनी साडेचारला उठावं, कोमट पाणी प्यावं, खर्ज लावावा. शाळकरी मुलं सातनंतर.

अडीच तासांचा क्रम

सहा ते साडेआठ पुरे. त्यानंतर घरोघरी फराळाचे पाहुणे सुरू होतात आणि खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात.

सुरुवात अनुभवी गायकाकडून, रागाने. ललत, भटियार, अहिर भैरव, भैरव यांपैकी एक, आलाप आणि बंदिश मिळून पंचवीस मिनिटांच्या आत. ललतात पंचम नाही, तेव्हा तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात मिळवायची. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला हे बदलायला एक खटका लागतो, तरी तो पंचमातच ठेवून ललत गायल्याचं ऐकू येतं. सुरुवात शांत असण्याचा फायदा दुहेरी आहे: आवाज कमी लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी थंड हवेचा थर सगळ्यात पक्का असतो. ढोलकी, पखवाज आणि जोरकस गजर साडेसातच्या पुढे टाका. अनेक जण पहिल्याच गाण्याला 'वातावरणनिर्मिती' म्हणून टाळ-पखवाजाचा कल्लोळ करतात. शेजाऱ्यांची झोप तिथेच मोडते.

साडेसहानंतर भक्तिगीतं आणि अभंग, सातनंतर मुलं आणि हौशी गायक, मग नाट्यगीत, भावगीत, आठनंतर पुन्हा मुख्य कलाकार, शेवटी भैरवी. एका गाण्याला सरासरी पाच-सहा मिनिटं आणि निवेदनाला दीड मिनिट धरलं तर रागानंतर सोळाएक गाणी बसतात. समितीला नेहमी पंचवीस हवी असतात. सत्कार, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे आभार हे सगळं भैरवीच्या आधी एकदाच, दहा मिनिटांत. भैरवीनंतर ठेवलं तर कुणी थांबत नाही, मध्ये पेरलं तर मैफल तुटते.

ट्रॅकवर, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर, गाणाऱ्यांबद्दल स्पष्ट सांगतो: प्रत्यक्ष वादक मंचावर बसलेले असताना मध्येच ट्रॅक लावू नये. ट्रॅकचा आवाज आधीच दाबून मोठा केलेला असतो. त्यानंतर येणारा खरा तबला कितीही चांगला असला तरी फिका वाटतो. ट्रॅक हवेच असतील तर ते वेगळ्या सत्रात, दुपारी. आणि लावायचे ते लॅपटॉपवरून वायरने. ब्लूटूथवर आवाज मागे पडतो आणि फोनवर शुभेच्छांचे संदेश टिंगटिंग करत येतात.

चहा आणि फराळ मैफलीच्या वेळी वाटू नका. स्टीलच्या ताटल्यांचा आवाज बासरीवर मात करतो. फटाक्यांसाठी संकुलात आधीच विनंती फिरवा, साडेआठपर्यंत नको म्हणून. आवाजाचा त्रास एकवेळ सहन होतो, पण धूर खाली रेंगाळणाऱ्या त्याच थंड थरात अडकून गायकांच्या घशात जातो.

वीज

ओलं गवत, उघडी जोडणी आणि गाद्यांवर अनवाणी बसलेली माणसं हे एकत्र आलं की धोका खरा असतो. मंचाकडे जाणाऱ्या पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या आणि आदल्या दिवशी त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासा, सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थ आहे असं नाही. ध्वनियंत्रणा सगळी एका फेजवर, रोषणाईच्या माळा आणि दिवे दुसऱ्यावर. माळांचे स्वस्त कंट्रोलर मंचाजवळ असले तर स्पीकरमध्ये त्यांच्या उघडझापीबरोबर टकटक येते. सतत गुणगुण येत असेल तर कीबोर्ड डीआय बॉक्समधून (कीबोर्ड आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायची छोटी डबी) घ्या आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबा. ॲडॉप्टरची अर्थ पिन कधीही मोडू नका, गुणगुण जाते आणि संरक्षणही जातं.

जनरेटर ठेवणार असाल तर तो इमारतीच्या आडोशाला, केबल कितीही लांब लागली तरी. मंचामागे ठेवलेला जनरेटर ललतात खर्जाचा सूर लावून बसतो. मिक्सरला छोटा यूपीएस द्या, कारण डिजिटल मिक्सर पुन्हा चालू व्हायला मिनिटभर घेतो.

मानधन आणि काटछाट

बाहेरच्या कलाकारांशी लेखी ठरवा: पोचण्याची वेळ पाच, वाजवण्याची वेळ किती, साउंड चेकला येणार की नाही, गाडी कोण पाठवणार, पाऊस आला तर काय. दिवाळीत चांगले तबलजी एका सकाळी दोन कार्यक्रम घेतात. तुमचा कार्यक्रम साडेआठला संपेल असं सांगून पावणेनऊपर्यंत ताणलात तर ते मधूनच उठतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. मानधन कार्यक्रम संपल्यावर लगेच, शक्यतो आधीच बँकेत. सहकलाकारांना मुख्य गायकामार्फत द्यायचं की स्वतंत्र, हेही आधी विचारून घ्या. सकाळी सहाला गाणाऱ्या माणसाला पाचला गरम चहा आणि कोमट पाणी मिळालं पाहिजे, फराळाचं तिखट-तेलकट नंतर.

पैसे कमी पडले तर मंचाची सजावट, एलईडी पडदा, सबवूफर, दुसरा कीबोर्ड या क्रमाने कापा. निवेदक संकुलातलाच घ्या. मागचे दोन छोटे स्पीकर, आदल्या संध्याकाळची तपासणी आणि स्वतःचे दोन-तीन दायाँ घेऊन येणारा तबलजी, या तिन्हींत कपात करू नका.